पांढऱ्या खड्यांचं रिंगण

चैत्राचं ऊन, पितळेसारखं तापलेलं.

पहारीचं टोक.

पिवळे, काडीसारखे पाय.

पुठ्ठ्याची चोच, रबराने कानांमागे अडकवलेली.

भोंग्यातून कोकिळा. माळावर कोकिळा एकही नाही.

माळ हीच शाळा. भिंतीवाचून शाळा, छपरावाचून शाळा, आभाळाएवढी शाळा. इथे चार-चार वर्षांची मुलं सापसुरळीचं तेज शिकत, मुंगळ्यांची वाट शिकत, वाऱ्याने वाकलेल्या कुसळांचं सोनं शिकत. हेमांगीताईचा पहिला धडा एकच: बघायचं, शिवायचं नाही.

फाल्गुन सरताना टिटवीने उघड्या मुरमावर अंडी घातली. मातीच्या रंगाची, मातीच्या ठिपक्यांची, मातीनेच घातल्यासारखी. कुणाचा पाय पडू नये म्हणून मुलांनी खडे चुन्यात बुडवले आणि दुरून, जपून, भोवती रिंगण मांडलं. मग रोज सकाळी लांब उकिडवं बसायचं. टिटवी ओरडली की कुजबुजायचं, "रागावली. मागे सरा."

आज शाळेचा निसर्गोत्सव. आणि रिंगणाच्या बरोबर मध्यात मंडपाचा खांब.

"चुन्याची खूण होती, मॅडम," मंडपवाला भिकू पहार टेकवत म्हणाला. "चुन्याची खूण म्हणजे खड्डा. आम्ही दुसरं काय समजणार?"

खांबाच्या बुडाशी पिवळं ओलं. त्यावर मुंग्या.

हेमांगीला राग आला. चुनकळीवर पाणी पडावं तसा आला: पांढरा, फसफसता, हात भाजणारा. भिकूवर राग, भोंग्यावर राग, पताकांवर राग, ज्या उत्सवाला निसर्ग लागतो पण टिटवी लागत नाही त्या उत्सवावर राग.

"पाहुणे फाट्यापर्यंत आलेत," संस्थेचे अध्यक्ष इनामदार घड्याळाकडे बघत म्हणाले. "मुलांना सांगा, पक्षी उडून गेला. लहान आहेत, बाई. दोन मिनिटांत विसरतील."

मुलं आली. टिटवीचे मुखवटे घालून, नाचाच्या रांगेत. सगळ्यांत पुढची नीरजा थबकली आणि रांग थबकली.

"अंडी कुठंयत?"

इनामदार वाकले. "टिटवी घेऊन गेली, बाळा. दुसऱ्या गावाला."

"कशात?"

"कशात म्हणजे?"

"तिला हात नसतात," नीरजा म्हणाली. "चोचीत मावत नाहीत. तुम्ही तिला कधी बघितलंच नाहीये."

भोंगा गात राहिला. सगळे मुखवटे हेमांगीकडे वळले; भोकांतून डोळे, डोळ्यांतून तोच प्रश्न. एक गोड खोटं जिभेच्या टोकाशी येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं.

ती मातीत गुडघे टेकून बसली. "अंडी फुटली. हा खांब रोवताना. मोठ्या माणसांनी फोडली."

"बाई, शोभतं का हे?" इनामदार म्हणाले.

"नाही शोभत," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

कुणी रडलं नाही. नीरजाने चोच काढली, मग एकेकाने काढली. रोजच्यासारखी लांब सरून मुलं खांबाभोवती उकिडवी बसली. पाहुणे आले, हार आले, टाळ्या वाजायच्या त्या जागी टाळ्या वाजल्या. मुलं उठली नाहीत. इनामदारांनी हाका मारल्या, मग हसून हाका मारल्या, मग दात आवळून. मुलं उठली नाहीत. त्यांच्या पाठी पाहुण्यांकडे, त्यांची तोंडं मातीकडे, आणि त्यांच्यामागे हेमांगी, तशीच उकिडवी, तशीच पाठमोरी.

तेव्हा टिटवी उतरली. आक्रंदून थकलेली, तप्तकंठी, रक्तनेत्री. पिवळ्या पावलांनी खांबाला एक फेरी, दुसरी फेरी. मग पंख किंचित फुगवले, पाय दुमडले, आणि लाकडाला छाती लावून ती बसली. जणू खांबालाच ऊब हवी होती, जणू खांबातूनच काही उमलणार होतं.

आदल्या संध्याकाळी भिकूने इनामदारांना फोन करून विचारलं होतं, खांब कुठे रोवू. इनामदार म्हणाले होते, खुणा असतील तिथे, बघून घे.