लायनेल कार्विनचे पाय

"गुडघा कसा आहे?" ग्रोगननं विचारलं.

"कुठला?" ऑर्व्हिल म्हणाला.

"तू लंगडत आलास तो."

"बूट नवे आहेत."

बूट अकरा वर्षांचे होते. डावा गुडघा सकाळपासून पावासारखा फुगला होता, आणि बायकोनं, मॉडीननं, शिव्या देत त्याला पट्टी गुंडाळली होती. ग्रोगन टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक. त्याला कळलं असतं तर त्रेपन्नाव्या वर्षी ऑर्व्हिल पेटिग्रू घरी बसला असता, आणि पाय वाजवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

हॉलिवूडच्या पडद्यावर बावीस वर्षं लायनेल कार्विन नाचला. त्या नाचातली बुटांची टकटक मात्र ऑर्व्हिलची. लायनेल देखणा होता, गिरकी घ्यायचा तेव्हा बायका उसासे टाकायच्या, फक्त त्याचे पाय तालात पडत नसत. मग ऑर्व्हिल बंद खोलीत चित्रपट बघत बघत मागाहून ताल भरायचा. ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही, असं करारात होतं. त्यानं ती त्याच संध्याकाळी मॉडीनला सांगितली. मधल्या काळात त्यानं एका घोड्याच्या टापांचंही काम केलं. घोड्याची फार वाहवा झाली.

आता टेलिव्हिजन आलं होतं. रविवारी संध्याकाळी सातला लायनेलचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. मागाहून भरायला वेळच नाही. म्हणून रंगवलेल्या पडद्यामागे एक लाकडी फळी, पायांशी माइक, समोर चिमुकला टीव्ही. लायनेलच्या पायांकडे बघायचं, स्वतःच्या कधीच नाही, हा ऑर्व्हिलचा नियम.

तिसऱ्या मिनिटाला लायनेल जिन्यावरून नाचत उतरू लागला. ऑर्व्हिल त्याच्याबरोबर उतरला, सपाट फळीवर. शेवटच्या पायरीला डाव्या गुडघ्यानं दगा दिला. माइक आणि ऑर्व्हिल एकदमच फळीवर आडवे झाले.

धाड!

टीव्हीत लायनेल एक पाय उचलून उभा होता. त्यानं तो आवाज ऐकला, क्षणभर विचार केला, आणि पडला.

स्टुडिओतले प्रेक्षक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले.

जाहिरात लागताच लायनेल धावत मागे आला. "मेल्या, सांगून तरी पडायचं!"

"सवड नव्हती, साहेब."

लायनेल फळीवर त्याच्या शेजारी बसला. घामानं त्याची रंगवलेली भुवई गालावर आली होती. "ऑर्व्हिल," तो हळूच म्हणाला, "मी पडलो ते बरोबर तालात होतं ना रे?"

"अगदी बरोबर."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा," लायनेल म्हणाला, आणि रडायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, ऑर्व्हिलचा नाच संपला. ग्रोगन फुलं घेऊन घरी आला. साबणवाल्या प्रायोजकांना ते पडणं इतकं आवडलं होतं, की आता लायनेल दर रविवारी पडणार होता.

"तुझी काळजी नको," ग्रोगन म्हणाला. "त्या दिवसाची टेप आहे आपल्याकडे. टकटक आहे, पडणंही आहे. तीच लावू. लायनेल ती पाठ करतोय."

ऑर्व्हिलनं फुलं बाजूला ठेवली. "ते पडणं घाईत झालंय, साहेब. मला अजून चांगलं पडता येईल."

"नको. हेच खरं वाटतं."

रविवारी सातला ऑर्व्हिल डावा पाय स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसला. मॉडीन वाटाणे सोलत होती. लायनेल जिन्याशी आला तसे तिचे हात थांबले.

धाड!

घरोघरी हशा पिकला असेल.

"लागलं का रे?" मॉडीननं विचारलं.

"नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

टीव्हीत लायनेल उठला, कपडे झटकून पुढे नाचू लागला. ऑर्व्हिलनं मोजा घातलेल्या उजव्या पायानं पुढचा ठेका धरला. खाली गालिचा होता, त्यामुळे आवाज झाला नाही.