मोटारीला ओरखडाही नाही

खंडव्याच्या एका निवृत्त गोऱ्या अंमलदाराकडून वसंतरावांनी ती काळी मोटार आणली, तेव्हापासून बुधवारा पेठेतल्या प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तिच्या दारावर मूठ आपटून दाखवीत.

"पत्रा नव्हे, पोलाद आहे! हत्ती आदळला तर हत्तीच रडत परत जाईल."

त्या भरीव आवाजात दिगंबरला, त्यांच्या धाकट्या, अबोल भावाला, वडील गेल्यापासून हरवलेला निर्धास्तपणा पुन्हा सापडे.

चौतीस सालच्या दसऱ्याला मोटारीची पूजा झाली. झेंडूची माळ नाकावर मिरवीत ती जसोंडीला निघाली. थोरल्या बहिणीला, कमलताईला, सोनं द्यायचं होतं. वसंतरावांची बायको मंगला दारात आली.

"भावजी, ह्यांना जरा आवरा. ताट तयार ठेवते. ओवाळल्याशिवाय आत घ्यायची नाही मी कुणाला."

"दिवेलागणीच्या आत येतो," वसंतराव म्हणाले. "ही काय बैलगाडी आहे?"

"तिलाही एक दिवस बैलच जुंपावे लागतील, बघा!"

परतताना ऊन उतरले होते. मागच्या बैठकीवर बसून दिगंबर कपाशीची पांढरी शेते पाहत होता. पुढे लोटू नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी कापसाने शिगोशीग भरून चालली होती. वसंतरावांनी भोंगा वाजवला. बैल बुजले आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. मोटार तिला मोडून पुढे ओढ्यावरच्या मोरीच्या दगडी कठड्यावर जाऊन थडकली.

दिगंबर पुढच्या बैठकीच्या गादीवर आदळला होता. कानात शिट्टी घुमत होती. त्याने बाहेर पाहिले. गाडी उरलीच नव्हती. चाकांचे आरे, लोखंडी धाव, वरचा साटा, सगळ्याचा चुरा झाला होता, आणि रस्ताभर कापूस पसरला होता. माणूस मारला आपण, या एकाच विचाराने तो धावत सुटला.

ढिगारा हलला. केसांत, मिशांत कापूस घेऊन लोटू उठून बसला.

"माले काही नही व्हयनं, भाऊ. बैल कोठे शेतस?"

शेजारच्या शेतातून त्याचा मालक, बुधवाऱ्यात नेहमी येणारा भाईदास, आणि त्याचे गडी धावत आले. बैल बांधावर चरताना सापडले, तसे सगळ्यांना हसू फुटले. मग ते मोटारीभोवती जमले. एक दिवा फुटलेला, बस्स. माळही तुटली नव्हती. भाईदासने दारावर मूठ आपटली.

"शेठ खरंच बोलत होते हो! पोलाद आहे, पोलाद!"

तोच ओळखीचा, भरीव आवाज. दिगंबरही हसला.

"दादा, ऐकलंस का?"

वसंतराव समोर पाहत बसले होते. हात सुकाणूच्या चक्रावर, फेटा जागच्या जागी. रागावले असतील, असे त्याला वाटले. त्याने दार उघडून त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते पुढे कलले. चक्रामागच्या लोखंडी दांड्याने त्यांची छाती आत चेपली होती. रक्ताचा थेंब नव्हता.

भाईदासची मूठ अजून दारावरच होती.

दिगंबर एकदा त्या चुऱ्याकडे पाही, एकदा त्या अभंग मोटारीकडे. गाडीने मोडून घेतले आणि आपला माणूस कापसात सोडला. मोटार मोडली नाही. कठड्याचा सगळा आघात तिने जसाच्या तसा दादाच्या छातीकडे पोचता केला. आणि आपण त्याच्याकडे पाठ करून धावलो.

वसंतरावांना मागच्या बैठकीवर निजवून त्यांच्या तोंडावरून उपरणे पांघरले. मोटार चालवणारा दुसरा कोणी नव्हता. लोटूने आपले बैल तिला जुंपले. दिगंबर भावाचे डोके मांडीवर घेऊन बसला.

बुधवाऱ्यात दिवे लागत होते. दारात मंगला उभी होती, हातात ताट, ताटात पेटलेले निरांजन. तिने आधी घंटा ऐकल्या, मग बैल पाहिले, मग धडधाकट मोटार आणि तिच्यावरची माळ; आणि ती मनापासून हसली.

"बघा! जुंपावे लागले ना शेवटी बैल?"

दिगंबरने भावाच्या तोंडावरचे उपरणे सावरले. निरांजनाला हाताचा आडोसा धरून ती पायऱ्या उतरू लागली.