मास्तरांना 'नको' म्हणायचंय

झटका आला, गेला, आणि जाताना मास्तरांच्या तोंडात एकच शब्द ठेवून गेला. 'हो.' बाकीचे शब्द कुठे हरवले नव्हते. ते डोक्यात ओळीनं उभे असायचे, पण बोलायला जावं तर सगळ्यांना ढकलून हा एकटाच पुढे यायचा. पाणी हवं का? हो. पाणी नको ना? हो. पंखा बंद करू की राहू दे? हो. मान हलवून नाही म्हणावं, तर मानही जिभेला सामील होती. उजवा हात लुळा पडला होता, आणि डाव्या हातानं काढलेले कोंबडीचे पाय वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

नशिबानं थट्टा करावी, पण माणूस तरी बघावा की नाही? मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. सारी हयात शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांनी 'नको' म्हणण्यावरच पोट भरलं होतं. आत्ता वळू नको. घाई नको. हॉर्न नको, पुढचा बहिरा नाही. त्यांच्या उजव्या पायाखाली त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक असायचा आणि जिभेवर 'नको', आणि या दोघांच्या भरवशावर कितीतरी माणसं धडपणे घरी पोचली होती.

आता असं गिऱ्हाईक विकणाऱ्यांना सापडल्यावर ते सोडतात थोडेच. दिवाणखान्यातल्या जुन्या फोनवर पूर्वी गाडी शिकू इच्छिणाऱ्यांचे फोन यायचे. तो जास्त वेळ वाजू द्यायचा नाही ही मास्तरांची जुनी सवय, आणि कोणाचा फोन आहे ते दाखवणारी काच त्या फोनला नव्हती. मास्तर पाय ओढत जायचे, फोन उचलायचे आणि हो म्हणायचे. एकदा बायको किराणा घेऊन परत आली, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी तरुण भिंतीला भोक पाडत होता. पाणी गाळायचं यंत्र बसवायला आला होता.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सरांनी हो म्हटलं ना. आमच्याकडे रेकॉर्ड झालंय."

"ते झोपेतसुद्धा हो म्हणतात. तेही रेकॉर्ड करून घ्या," ती म्हणाली आणि तिनं यंत्र, ड्रिल आणि तरुण, तिघांनाही दाराबाहेर घातलं. भोक तेवढं राहिलं. मग कंबरदुखीची गादी आली, ती परत पाठवताना तिच्या नाकी नऊ आले. मग पोटाला बांधायचा हलणारा पट्टा आला. मास्तर तो पट्टा बघून इतके ओशाळले की दोन दिवस त्यांनी बायकोकडे नीट बघितलं नाही.

बायकोला सगळे 'बाई' म्हणत. ती पोहण्याच्या तलावावर शिकवायची. पाण्याला घाबरणाऱ्या बायका आणि न घाबरणारी पोरं, दोन्ही तिच्या हाताखालून जायची. तलावावरचं हे नाव मास्तरांनीही चेष्टेनं उचललं होतं आणि मग ते घरातही चिकटलं. मास्तरांना झटका आल्यापासून बाई लांबलचक रजेवर होत्या. रजा संपत आली होती, येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. मास्तर आता घरातल्या घरात हिंडायचे, स्वतःचं स्वतः आवरायचे, गरम करून खायचे. घोडं अडलं होतं ते फक्त फोनपाशी. फोन काढून टाकावा, तर कामावरून त्यांची खबर घ्यायची कशी? मोबाइल त्यांच्या डाव्या हातात टिकत नव्हता. "उचलू नका" असं सांगावं, तर ते "हो" म्हणायचे आणि उचलायचे. आज भिंतीला भोक पडलं, उद्या एखाद्यानं घर लिहून मागितलं तर?

एका संध्याकाळी बाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, मी ठरवलंय. सोमवारी जाऊन राजीनामा देऊन येते. तुम्हाला एकटं टाकून माझं तिथे लक्ष लागायचं नाही. चालेल ना?"

मास्तरांच्या डोक्यात एकाच वेळी दहा वाक्यं उभी राहिली. अगं, वेडी आहेस का? तलावावरून ओल्या केसांनी घरी यायचीस तेव्हा तुझा चेहरा कसा असायचा ते मला विचार. माझ्यासाठी तू घरात बसून वाळून जाणार असशील, तर हे मला जन्मभर खात राहील. त्यांनी सगळं बळ एकवटून तोंड उघडलं.

"हो," ते म्हणाले.

संतापानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, यांना भरून आलंय. त्यांनी मास्तरांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "असं काय करता? मी काही उपकार करत नाही."

मास्तर तसेच, नाक बाईंच्या पदरात खुपसून, मनात दात ओठ खात बसले. सोमवारच्या आत 'नको' आलाच पाहिजे, त्यांनी ठरवलं. येत नाही म्हणजे काय? क्लच आणि ब्रेक यांत फरक न कळणाऱ्या माणसांना आपण घाटात गाडी चालवायला शिकवलं आहे.

पण सराव करायचा कुणाबरोबर? बाईंसमोर तोंड उघडलं की त्या मायेनं वाक्य पुरं करायच्या, आणि ते नेहमी दुसरंच असायचं. बोलायला शिकवायला येणारी डॉक्टरीणबाई इतक्या कळवळ्यानं वाट बघायची की मास्तरांना रडूच यायचं. शब्द सरळ येत नसेल तर आडवाटेनं येईल, ती म्हणायची, कुणाला गाण्यातून येतो, कुणाला आकडे मोजताना. मास्तर आयुष्यात कधी गायले नव्हते आणि आता सुरुवात करायचा त्यांचा विचार नव्हता. राहता राहिले कोण? ज्यांच्यापुढे लाज वाटायचं कारण नाही, जे कधी कंटाळत नाहीत आणि बोलावल्याशिवाय येतात असे शिकवणारे तर रोज घरबसल्या फोन करत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या की मास्तर फोनशेजारच्या खुर्चीत ठाण मांडून बसू लागले. पहिला सापडला कर्जवाला.

"सर, कर्ज हवंय?"

"हो."

"किती लागेल सर?"

"हो."

"सर, आकडा सांगा ना."

"हो."

"सर, तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

"हो," मास्तर अगदी काकुळतीनं म्हणाले, आणि त्यानं फोन आपटला. विकणाऱ्यानं स्वतःहून फोन ठेवलेला मास्तरांनी पहिल्यांदाच ऐकला. बरं वाटलं, पण हे काही खरं नव्हतं. उद्याचा माणूस इतका हळवा निघेलच असं नाही.

मग फोनवर विम्याची मुलगी आली. आवाजावरून नवीन असावी, कारण ती श्वास न घेता बोलत होती. सर नमस्कार सर, आपल्या वयाच्या लोकांसाठी खास योजना आहे सर, वैद्यकीय तपासणी नाही काही नाही, मी आपलं नाव घालते सर, पत्ता आमच्याकडे आहेच, नुसतं हो म्हणा. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याला मागून ओलांडून पुढे. मास्तरांचं अंग ताठ झालं. ही पोरगी वळणावर ओव्हरटेक करतेय, समोरचं काही दिसत नाहीये आणि वेग कमी करायचं नाव नाही. त्यांचा उजवा पाय, जो सकाळच्या व्यायामात हलायला शंभर नखरे करायचा, तो खाडकन फरशीवर दाबला गेला.

"आत्ता नको!"

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"मग उद्या याच वेळेला करू का सर?" पोरगीनं विचारलं.

पाय सैल पडला होता. "हो," मास्तर म्हणाले. आणि खरं सांगायचं तर या वेळी त्यांच्या मनातही तेच होतं.

ती रोज फोन करू लागली. तिच्या बिचारीच्या गावीही नव्हतं की आपण विमा विकत नसून शिकवणी घेतोय. मास्तरांना युक्ती कळली होती. शब्दाच्या मागे लागायचं नाही, पाय आधी दाबायचा, शब्द मागून आपोआप येतो. कधी यायचा, कधी नाही यायचा. कधी पायच दगा द्यायचा. पण मास्तर शिकाऊ माणसांना जे सांगायचे तेच त्यांनी स्वतःला सांगितलं, पुन्हा घे, मागे घे, परत पहिल्यापासून. आठवडा सरता सरता 'आत्ता' गळून पडलं आणि नुसता 'नको' उरला, टणक आणि स्वच्छ.

मात्र तो फक्त फोनवर. जेवताना बाईंनी हळुवारपणे विचारलं, "आणखी वाढू?" मास्तरांनी पाय असा दाबला की टेबल हललं.

"हो," ते म्हणाले आणि भरल्या पोटी तिसऱ्यांदा जेवले. बाईंनी टेबल हललेलं बघितलं होतं. त्यांना वाटलं, पायात पेटके येताहेत. जेवण झाल्यावर त्या तेलाची वाटी घेऊन बसल्या आणि त्यांचा पाय चोळत राहिल्या. मास्तरांना स्वतःचीच चीड आली. सगळ्या जगाला नाही म्हणता येतंय आणि जिला म्हणायचं तिच्यापुढे ब्रेक लागत नाही. ही बाई वेगानं अंगावर येतच नाही, तर लागणार कसा?

सोमवार उजाडला. बाई बाहेरचे कपडे घालून तयार झाल्या. राजीनामा पर्समध्ये होता. एका पायात चप्पल घातली असताना फोन वाजला. बाई वळल्या, पण मास्तर आधीच फोनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले होते. त्यांनी डाव्या हातानं फोन उचलला आणि मानेत धरला, आणि तोच हात बाईंकडे करून त्यांना थांबवलं.

त्या जुन्या फोनवरचं बोलणं खोलीभर ऐकू यायचं. "सर, आज योजनेचा शेवटचा दिवस आहे सर, मग नंतर तुम्हीच म्हणाल की मला सांगितलं नाही..."

पाय दाबला गेला. "नको."

"सर, घरच्यांचा तरी विचार करा, मी नाव घालून ठेवते, तुम्ही नंतर..."

"नको."

"बरं, मग उद्या फोन करू?"

"नको. कधीच नको."

"ठीक आहे सर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता. मास्तरांना तिचे आभार मानायचे होते. ते जमलं नाही, म्हणून त्यांनी फोन अगदी अलगद ठेवला.

बाई एका चपलेत उभ्या होत्या. "अहो, तुम्ही आत्ता नको म्हणालात."

"हो."

"खरंच म्हणालात. मी ऐकलं." त्या येऊन त्यांच्या पायाशी खाली बसल्या. आवाज कापत होता, म्हणून आणखीच हळू विचारलं, "मग मला सांगा. मी राजीनामा देऊ ना?"

"हो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर थाडकन थाप मारली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. असा चेहरा भरून आलेल्या माणसाचा नसतो, हे बाईंना आता दिसलं. मग त्यांचं लक्ष मास्तरांच्या पायाकडे गेलं. फोनवर बोलताना तो पाय फरशीवर आवळून धरलेला त्यांनी बघितला होता. आता तो नुसता पडला होता. आपण त्याला तेल लावत बसलो होतो.

तलावात धरून ठेवलेलं पोर कितीही समजावलं तरी पाय मारत नाही. हात सोडला की मारतं. हे बाईंना ठाऊक होतं, फक्त घरात वापरायचं सुचलं नव्हतं. त्या उठल्या, समोरच्या खुर्चीत बसल्या, घसा साफ केला आणि हाताची मूठ कानाशी धरली.

"नमस्कार सर! आपल्यासाठी खास योजना आहे सर. आपली बायको दिवसभर घरात, अगदी फुकट, आयुष्यभरासाठी. तलाव नाही, पोरं नाहीत, बाहेर जाणं नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमच्या तोंडाकडे बघत बसेल सर, फोनसुद्धा तीच उचलेल, फक्त आज राजीनामा द्यायचा की झालं, मी नाव घालू का सर, नुसतं हो म्हणा..."

मास्तरांचा पाय फरशीवर आदळला.

"नको."

"सर, एकदा विचार तर करा, बायको आनंदानं तयार आहे सर, तिला काही वाटणार नाही..."

"नको!"

"मग पुढच्या महिन्यात देऊ?"

"कधीच नको."

बाईंची मूठ कानापासून खाली आली. त्यांना हसू येत होतं आणि डोळे पुसायला हात पुरत नव्हते. "आणि मी इतके दिवस समजत होते, तुम्हाला मी घरात हवी आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांना सांगायचं होतं, हवी आहेस, रोज संध्याकाळी, ओल्या केसांनी, तिथल्या गमती सांगत. पण त्यांच्याजवळ आज 'हो' आणि 'नको' यांच्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. आत जाऊन कपाटातली तलावावरची पिशवी काढली, पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल तिच्यात कोंबला आणि दुसरी चप्पल घातली. दारात त्या थांबल्या.

"दुपारी फोन करीन. मीच असेन, मला नको म्हणू नका." मग नेहमीच्या साध्या, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "संध्याकाळी लवकर येऊ?"

मास्तरांनी थोडा वेळ घेतला. पाय जागचा हलला नाही.

"हो," ते म्हणाले, आणि बाईंना ते खरं वाटलं.