पत्र्यावरची थाप

शेंगेत तुरीचे चारच दाणे निघाले, पाचव्याची नुसती जागा... आयसिल्डाने ती रिकामी जागा अंगठ्याने चाचपली आणि शेंग टाकून दिली. उन्हं कलली होती. गल्लीच्या टोकाला नाला, आणि नाल्यापलीकडे दुसऱ्या पक्षाची माणसं. किंग्स्टनमध्ये निवडणुकीचं वारं सुटल्यापासून इकडचं कुणी तिकडे जात नव्हतं. गल्लीतला एक रॉयस्टन गेला होता, नळ दुरुस्त करायला. परत आला नाही.

आणि आज तिचा लॅसेल्स गेला होता, स्वतःच्या गाण्यांची नवी तबकडी काखेत धरून. अंगोला, झिंबाब्वे, सारी आफ्रिका एक व्हावी, बेड्या तुटाव्यात — असली गाणी. तिकडे रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून नाच होता, त्यात ती पहिल्यांदाच वाजायची होती. सकाळी तिने टोमणा मारलाच होता, "आफ्रिका सावकाश एक कर. आधी नाल्याच्या दोन्ही काठांना एका नळावर पाणी भरू दे."

"तेच तर गातोय, आई." मक्याची पेज अर्धी टाकून तो गेला.

पलीकडून खर्ज येत होता, शब्द नाहीत, नुसता खर्ज, पोटात लागणारा... पोटात असताना लॅसेल्स असाच लाथा मारायचा, थांबून थांबून — आणि खर्ज तुटला. मग पत्रे. तिकडच्या कुंपणाचे पत्रे, धाडधाड, सगळे एकदम. या गल्लीत पत्रा वाजतो तो एकाच गोष्टीसाठी : बंदूकवाले आले, पोरं आत घ्या.

मांडीवरचे दाणे सांडले. मी दारात आडवी का पडले नाही... रॉयस्टनची आई त्या वेळी काय निवडत बसली असेल...

शेजारची व्हर्लीन कुंपणापाशी आली. तरुणपणी तिने एकही नाच चुकवला नव्हता. "मिस आयसिल्डा, श्वास घ्या. गाणं आवडलं की नाचातही पत्रे बडवतात. चर्चशिवाय कुठं गेला असतात तर कळलं असतं. तबकडीवरची सुई उचललीय, आता पहिल्यापासून लावतील."

आणि खर्ज आला. पहिल्यापासून.

कुठून तरी हसू आलं. ज्यांचं नाव ती तोंडाने घेत नसे, त्यांना तिच्या पोराचं गाणं पुन्हा हवं होतं. त्याच हातांनी रॉयस्टनला... हाही विचार आला, आणि गेला नाही. लॅसेल्सला अजून नाला ओलांडून यायचं होतं. तरी छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. वाटलं, आपणही पत्रा बडवावा, एकदाच — पण सारी गल्ली धावत सुटली असती. तिने नुसता तळहात टेकवला. पत्रा उन्हाने अजून कोमट होता, आणि पलीकडच्या खर्जाने बारीक थरथरत होता. तिने हात काढला नाही.