निळ्या सुतळीची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी सायकल आहे, आणि खरं सांगायचं तर मी आता दमले आहे. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात क्लॅरीने मला विकत घेतलं, तेव्हा तो टपाल कचेरीत नोकरीला होता. वीस वर्षं मी त्याला रोज तिथे नेलं-आणलं. घरची मोटार चालवायची ती त्याची बायको ऊना. क्लॅरीला मोटार कधी जमलीच नाही, आणि ऊना ते चारचौघांत सांगायला कधी चुकली नाही. माझी टोपली मात्र तिनेच निळ्या सुतळीने घट्ट बांधून दिली होती.

क्लॅरी निवृत्त झाला आणि मी शेडमध्ये टांगली गेले. अकरा वर्षं! टायर चिरले, साखळी गंजली, कोळ्यांनी संसार थाटले. आधी राग यायचा, मग रागाचाही कंटाळा आला.

या हिवाळ्यात ऊनाला पक्षाघात झाला. तिला चार किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. रविवारी तिकडे बस नसते, आणि रविवारीच ती दाराकडे डोळे लावून बसते, असं तिथल्या परिचारिकेने फोनवर सांगितलं. तेव्हा क्लॅरीला माझी आठवण झाली. अडला हरी म्हणतात ना, तसंच.

चिरलेल्या टायरांवर मला सायकलच्या दुकानापर्यंत ढकलत नेणं त्याला झेपणारं नव्हतं. म्हणून घरी येऊन सायकली दुरुस्त करणाऱ्या डानिकाला त्याने बोलावलं. शनिवारी सकाळी मला फाटकाबाहेर गवतावर उभं करून तो चहा ठेवायला आत गेला. तो आठवडा मोठ्या कचऱ्याचा, म्हणजे घरातलं जुनं सामान बाहेर काढून ठेवायचा आहे, हे तो साफ विसरला. त्या आठवड्यात गवतावर दिसेल ते ज्याला हवं त्याने न्यावं, अशी आमच्याकडची रीत. एक टेंपोवाला थांबला आणि त्याने शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्चीबरोबर मलाही उचललं. मला वाटलं, सुटले एकदाची.

तेवढ्यात डानिकाची व्हॅन आली.

"अहो, ही सायकल कुठे नेताय?"

"भंगारात. बाहेर टाकलेली वस्तू घेणाऱ्याची."

"टोपलीला निळी सुतळी आहे का बघा."

"आहे. मग?"

"मग गुपचूप खाली ठेवा. म्हाताऱ्याने फोनवर सायकलची तेवढी एकच खूण सांगितलीय."

तो पुटपुटत मला उतरवत असतानाच क्लॅरी कपबशी घेऊन बाहेर आला. काय होणार होतं ते कळल्यावर त्याचा निम्मा चहा बशीत सांडला.

डानिकाने तिथेच गवतावर टायर, साखळी, ब्रेक सगळं बदललं.

"क्लॅरी, हिची फ्रेम थकलीय हं. उतारावर मस्ती नको."

"मस्ती कसली करतोय? तिच्यापर्यंत पोचलो तरी खूप झालं."

"ही सुतळीपण कुजलीय. नवी बांधू?"

"तिला हात लावू नकोस."

रविवारी आम्ही दोघं धापा टाकत निघालो. चढावर तो उतरून चालला. ऊना चाकाच्या खुर्चीत व्हरांड्यात बसली होती. तिचा उजवा हात हलत नव्हता. डाव्या हाताने तिने माझी टोपली चाचपली. शब्द यायला वेळ लागला.

"गाठ... अजून माझीच?"

"तुझीच," क्लॅरी म्हणाला, आणि तोंड फिरवून उगाच माझी घंटी पुसत राहिला.

मित्रांनो, पुढच्या रविवारी पुन्हा तोच चढ आहे, आणि माझे सांधे आतापासूनच कुरकुरताहेत. मला चकाचक ठेवा असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा हवा भरा, साखळीला तेल द्या आणि जिच्याकडे जायचंय तिच्याकडे वेळेत जा. माझं काय, मला घरी येऊन दुरुस्त करणारी डानिका आहे. ऊनाला तशी कोणी नाही.