पाय टेकण्यापुरतं पाणी

आईने धाकटीचा फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा मटार सोलायला घेतले.

"झालं बघून?" धाकटीने विचारलं.

"छान आहे. निळं निळं."

छान आहे म्हणजे आवडलेलं नाही, हे ओळखायला धाकटीला वेबसाइट बनवण्याचं शिक्षण लागलं नव्हतं. या आईच्या पोटी जन्माला येणं पुरेसं होतं.

खिडकीशी ताई नखं खात उभी होती. पाण्याला घाबरणाऱ्या, वय झालेल्या बायकांसाठी तिने पोहण्याचा वर्ग काढला होता. तलावाच्या मॅनेजरने सकाळचा एक तास देऊ केला होता, पण संध्याकाळपर्यंत निदान सहा जणी जमल्या नाहीत तर तो तास दुसऱ्या कुणाला जाणार होता. धाकटीने जीव ओतून केलेली साइट पंधरवडाभर सुरू होती आणि एका बाईने नाव नोंदवलं असेल तर शपथ.

धाकटीने फोन सुलटा केला. पडदाभर तलावाचा खोल भाग आणि त्यात सूर मारणारी ताई. त्याखाली ताईची पदकं, मग पोहण्याचे चार प्रकार, मग संपता संपत नाही असा नोंदणीचा फॉर्म.

"आई, खरं सांग. फोन पालथा का घातलास?"

आई ओशाळली. "अगं, पाय कुठे टेकायचे तेच दिसेना."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. ताईच्या प्रत्येक स्पर्धेला आई यायची आणि दाराबाहेरच्या बाकावर तलावाकडे पाठ करून बसायची. शिट्टी वाजली की जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, वर आली का हो ती? घरात यावरून तिची केवढी चेष्टा व्हायची. आणि साइट बनवताना धाकटीने ती कुणाच्या डोळ्यांनी पाहिली? माशाच्या!

"ताई, पोहण्याचे कपडे घे. चल!"

"अगं, पण आत्ता?"

"आत्ताच!"

तलावावर धाकटीने खोल पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने उथळ बाजूच्या पायऱ्या टिपल्या, कठडा टिपला, कठड्यावरचा टॉवेल टिपला. मग ताईला घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं केलं, मग गुडघ्यापर्यंतच्या.

"एवढी पदकं मिळवली ती डबक्यात उभं राहायला!" ताई कुरकुरली.

"बोलू नकोस. तळाच्या फरशा दिसतायत, काय मस्त दिसतायत!"

कमरेपर्यंतच्या पाण्यात ताई कंटाळली. "पुरे आता, टॉवेल दे," म्हणत तिने हात पुढे केला, आणि नेमका तोच फोटो आला.

तिथल्याच बाकावर बसून धाकटीने साइट मोडली आणि नव्याने उभी केली. मोठ्ठे तीन फोटो: घोटा, गुडघा, कंबर. जिथवर उतरायचं त्या फोटोवर बोट ठेवा, फोन नंबर द्या, झालं. पदकं गेली तेव्हा ताईचा चेहरा पडला. फोनवरच्या आधीच्याच सगळ्या गटांवर धाकटीने साइट पुन्हा पाठवली आणि दोघी घरी निघाल्या.

घरी पोचायच्या आतच फोन वाजला.

"घोटा!" धाकटी रस्त्यातच ओरडली. "ताई, घोटा आला!"

येणारे-जाणारे वळून बघायला लागले. बघेनात का! जिना चढेपर्यंत आणखी एक घोटा आला, चहा उकळेपर्यंत दोन गुडघे. दिवेलागणीपर्यंत आकडा सहाच्या पुढे गेला, ताईने मॅनेजरला कळवलं आणि त्याचा उलट फोन आला: तास तुमचा. ताईने धाकटीला उचलून गरकन फिरवलं. आनंदाने दोघींना काही सुचेना.

मग ताई सगळे नंबर उतरवून घ्यायला बसली.

"हा काय, आईचा नंबर. तू तिच्या फोनवरून तपासून बघितलंस ना? उडवते."

"मी तिच्या फोनला हातही लावला नाही."

"मग?"

धाकटी वाकली. घोटा नव्हता, गुडघाही नव्हता. कंबर होती, ताईने हात पुढे केलेली.

आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. आई बाहेर आली. तिच्या हातात घडी घातलेला टॉवेल होता, आणि ती दोघींकडे न बघता त्याची घडी पुन्हा नीट करत होती.

"हा चालेल का गं?" ती म्हणाली. "जुना आहे, पण पाणी चांगलं टिपतो."