घंटी वाजल्यावर मेलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. देवळातली नव्हे, तेवढं माझं भाग्य नाही. मी टेबलावरची, मुठीत धरून हलवायची घंटी. वादविवाद स्पर्धेत वक्त्याची वेळ भरली की परीक्षक मला हलवतात आणि माणूस गप्प होतो. एवढंच माझं काम. पण या कामात मी इतक्यांना बोलताना ऐकलं आहे की माणसाच्या बोलण्याविषयी मला फारसा आदर उरलेला नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी रुसायला नको.

वणीच्या एका ओताऱ्याने मला घडवलं. त्याच्याकडे मोडीची भांडी आली होती. फुटका गडू, बूड गेलेली तपेली, चिरलेली परात. त्या काळी भांड्यांवर नावं घालून घेत. कुणाच्या लग्नात कुणी दिलं, ते बारीक अक्षरांत कोरलेलं असे. भांडी भट्टीत गेली तेव्हा सगळ्यांत आधी ती नावं गेली. पितळ मागाहून वितळलं. मला साच्यातून काढून ओताऱ्याने एकदा वाजवलं आणि म्हणाला, "आवाज बेस निघाला." नावांबद्दल कुणी हळहळलं नाही.

यवतमाळच्या एका सरकीच्या व्यापाऱ्याच्या टेबलावर मी दहा वर्षं चहा मागवला. मग त्याच्याकडे विजेची घंटी आली आणि त्याने मला एका महाविद्यालयाला भेट दिली. आपल्याला न लागणारी वस्तू दिली की तिला भेट म्हणतात.

ते सुरुवातीचे दिवस मात्र चांगले होते. मला ते अजून जसेच्या तसे आठवतात. पुसदची, दिग्रसची मुलं एसटीने यायची आणि सभागृहातल्या सतरंजीवरच झोपायची. गावातली माणसं बैलगाड्या सोडून ऐकायला बसायची. मुलगा जे बोलायचा ते त्याचं स्वतःचं असायचं. हरला तर खरोखर रडायचा. तेव्हा मला दर महिन्याला चिंच लावून घासत आणि पाहुणे म्हणत, "काय खणखणीत आवाज आहे हो!" मला ते आवडायचं. नाकारत नाही.

मग चिठ्ठीची पद्धत आली. विषयाच्या बाजूने बोलायचं की विरोधात, ते डब्यातली चिठ्ठी ठरवणार. मुलांना दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत, असं कारण सांगितलं गेलं. आल्या की! आता मुलाला बाजू आधी मिळते, मत मागाहून येतं आणि ते आलंच नाही तरी काही अडत नाही.

एकोणीसशे शहाऐंशी साली दूरच्या सोव्हिएत संघात, आताच्या युक्रेनमध्ये, चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. त्याच हिवाळ्यात इथे विषय ठेवला गेला: 'चेर्नोबिलच्या बळींचा आकडा फुगवून सांगितला जातो.' विठ्ठलराव नावाचा एक सडपातळ तरुण उभा राहिला. त्याला बाजूने बोलण्याची चिठ्ठी आली होती. तिकडच्या सरकारने एकतीस माणसं मेल्याचं सांगितलं होतं. विठ्ठलरावांनी तो आकडा टेबलावर मूठ आपटून अकरा वेळा सांगितला. ढाल त्यांना मिळाली. त्यानंतर त्यांनी कधी मत बदललं नाही. ते मत तरी होतं की चिठ्ठी, हे मला अजून कळलेलं नाही.

आता ते निवृत्त प्राचार्य आहेत आणि दरवर्षी मुख्य परीक्षक म्हणून मला हातात धरतात. विषयांची वही तीच असल्यामुळे दर पाच-सहा वर्षांनी चेर्नोबिल परत येतं. कुणी म्हणतं एकतीस. कुणी म्हणतं, पुढे कर्करोगाने मरतील ते धरून चार हजार. कुणी साठ हजार म्हणतं, कुणी थेट दहा लाखांवर जातं. टाळ्या दोन्हीकडे पडतात. मधल्या सुट्टीत मसालेभात असतो.

गेल्या हिवाळ्यात हेच झालं. यवतमाळचा आयुष नावाचा मुलगा कोट घालून आला होता. सकाळच्या फेरीत त्याला बाजूने बोलायचं होतं. त्याने एकतीसच्या वर एक माणूस मरू दिला नाही. दुपारी अंतिम फेरीत चिठ्ठी उलटी आली. जेवून हात पुसले आणि त्याने दहा लाख मारले. शेवटी तिकडच्या एका लेकराचं वाक्य टाकलं आणि आवाज जड करून रुमाल डोळ्यांकडे नेला. विठ्ठलराव शेजारच्या परीक्षकांना हळूच म्हणाले, "काय तयारी आहे पोराची!"

खाली उतरताच त्याचा मित्र म्हणाला, "कडक बे! दहा लाखावर टाळ्या पडल्या ना!"

"पाह्यलं ना तू? त्या लेकराच्या वाक्यावर थांबलो. मोजून दोन सेकंद."

मित्रांनो, इतका हिशेबी शोक मी पितळेची असूनही मला जमणार नाही.

त्याच्यानंतर ममता बोलणार होती. घाटंजीकडच्या एका तांड्यावरची, अकरावीतली मुलगी. पहिली आली तर जिल्ह्यातून ती राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होती. तिच्या तांड्यातलं कुणी तिथवर गेलेलं नव्हतं. तिची आई बिजलीबाई त्या दिवशी मजुरी बुडवून पहिल्यांदाच लेकीला ऐकायला आली होती. तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

ममताच्या चिठ्ठीत 'बाजूने' होतं. ती आणि तिच्या शिक्षिका शीला मॅडम माझ्या टेबलाजवळच उभ्या होत्या, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, चिठ्ठी बदलून भेटत नाही का?"

"काहून वो? सोपी बाजू आहे. एकतीस नावं पक्की, बाकी सारा अंदाज. संपला विषय."

"याडी आली आहे." याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई.

"मग चांगलंच झालं नं. ऐकू दे तिलेबी."

"तिच्यापुढं मले म्हणा लागते, दवाखान्यातून घरी जाऊन मेले ते मोजता येत नाहीत. तुम्हीच लिहून देल्लं, तिसरा मुद्दा."

शीला मॅडमनी कागदावरचा तिसरा मुद्दा पुन्हा वाचला. मग ममताने सगळं सांगितलं. तिचे वडील नेमसिंग मजुरीने कपाशीवर औषध फवारायचे. ती चौथीत होती त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावरून गेली होती. फवारा वर धरला की तोंडावर यायचा. पंधरा दिवसांनी त्यांना समोरचं दिसेना. दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, बरं वाटतंय म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर अकराव्या दिवशी ते घरीच वारले. पुढे एक चौकशी समिती गावात आली. तिने दवाखान्यात मेलेले तेवढे यादीत धरले. नेमसिंगच्या कागदावर लिहिलं होतं: हृदयक्रिया बंद पडून मृत्यू.

"पोरी," शीला मॅडम म्हणाल्या, "चेर्नोबिल कुठं, आपला तांडा कुठं. हे बोलणं मार्कापुरतं असते. मनाले लावून घेऊ नको."

मार्कापुरतं! मॅडम वाईट नाहीत. मुलीला पुण्याला पाठवायची त्यांचीच धडपड होती. पण चांगल्या माणसांच्या तोंडून अशी वाक्यं इतक्या सहज निघतात की वाईट माणसांना काही बोलावंच लागत नाही.

ममता उभी राहिली. चार मिनिटं झाली की मी एकदा वाजते, पाचव्याला दुसऱ्यांदा. दुसऱ्या घंटीनंतर बोललेल्याला गुण नसतात. तिने पहिली चार मिनिटं पुस्तकी मराठीत, एकदाही न अडखळता काढली. "ज्या मृत्यूची नोंद नाही, त्याचा पुरावा नाही. आणि ज्याला पुरावा नाही, त्याला आकड्यात स्थान नाही." विठ्ठलराव खुर्चीत पुढे सरकले. हे तर त्यांचंच वाक्य, अडतीस वर्षांपूर्वीचं! आयुषचा चेहरा उतरला. तिसरा मुद्दाही ती बोलली. "घरी परतल्यावर झालेले मृत्यू यात धरता येणार नाहीत."

तिसऱ्या रांगेत बिजलीबाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. बाकी काही केलं नाही.

मी पहिल्यांदा वाजले. एक मिनिट उरलं. ममता थांबली. इतकी थांबली की मागची मुलं खुसखुसली. मग तिने कागदाची घडी घातली आणि तिचं बोलणं पुस्तकातून घरी आलं.

"अध्यक्ष महोदय, माझी बाजू मी मांडली. आता त्याच मुद्द्यानं पाहा. माझे बापू नेमसिंग घरी येऊन मेले, म्हणजे ते मेले नाहीत. कोन्त्याच यादीत नाहीत. मग ते कुठं आहेत, तेवढं सांगा. माझी याडी समोर बसली आहे. पत्ता द्या, आम्ही त्यायले घिऊन जातो."

विठ्ठलरावांचा हात माझ्याकडे सरकला.

"तिकडं एकतीस काय, दहा लाख काय, मले मोजता येत नाही. मी गेली नाही तिथं. पन तिकडंबी कोनी घरी येऊन मेलं असन, आन् त्याच्या लेकीले कोनी असंच सांगितलं असन. आमच्या तांड्यावर बापू एकटे नाहीत. मी नावं सांगते."

पाच मिनिटं झाली. विठ्ठलरावांनी मला हलवलं.

"सुखीबाईचा मोठा पोरगा, रोशन."

त्यांनी पुन्हा हलवलं. एवढ्या वर्षांत कुणासाठी मला तिसऱ्यांदा वाजावं लागलं नव्हतं. ती थांबली नाही. दुसरं नाव आलं, मी वाजले. तिसरं आलं, मी वाजले. मित्रांनो, ती नावं काय होती ते मला विचारू नका. मला ऐकू आली नाहीत. मी वाजत होते, आणि फार खणखणीत वाजत होते.

निकाल लागला. आयुष पहिला. ममताच्या कागदावर विठ्ठलरावांनी 'विषयांतर, वेळेचे उल्लंघन' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. पुणे गेलं.

गर्दी पांगल्यावर बिजलीबाई लेकीला घेऊन टेबलाशी आल्या. विठ्ठलराव मोठ्या मनाने हसले. विजय मिळून म्हातारी झालेली माणसं असं हसतात.

"बाई, मुलगी फार हुशार आहे. पण शेवटी आपली बाजू सोडली तिने."

"नाही सर," बिजलीबाई म्हणाल्या. "सुरवातीले सोडली होती. शेवटी धरली."

ते जरा गडबडले. "तसं नव्हे. तुमच्या घरी झालं ते वाईटच झालं. पण कागदावर हृदयक्रिया बंद पडली असं आहे ना?"

"काळीज तं सर्वायचंच बंद पडते. तुमचंबी पडन. कायनं पडलं, ते लिहा लागते नं?"

"अहो, पण मोजायला काही पद्धत लागते."

"हाये नं पद्धत. तांड्यावर या. चुलीपाशी बसलेल्या बाईले इचारा, फवारनीच्या आधी भाकरी किती जनाच्या थापत होती अन् आता किती जनाच्या थापते. जेवढ्या कमी, तेवढे लिहा. आमाले लिहिता येत नाही, पेन तुमी आना."

विठ्ठलरावांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्यापाशी पेन होता, खिशाला लावलेलाच. तो त्यांनी काढला आणि आयुषच्या प्रमाणपत्रावर सही केली.

बिजलीबाई लेकीला म्हणाल्या, "चाल, घाटंजीची गाडी सुटन." जिन्याशी शीला मॅडम उभ्या होत्या. त्यांनी आपल्या पर्समधला पेन काढून ममताच्या हातात दिला. मॅडमचं ते पहिलं शहाणं भाषण.

पुढचं मला उन्हाळ्यात कळलं. शीला मॅडम एक शंभर पानी वही घेऊन सभागृहात आल्या आणि माझ्या शेजारी ठेवून, पुढच्या स्पर्धेचे विषय ठरवायला आलेल्या विठ्ठलरावांना म्हणाल्या, "सर, ममता दर रविवारी फिरली. चार गावं, दोन तांडे. एकेका चुलीपाशी बसून लिहिलं आहे. समितीच्या यादीत या भागातली दोन नावं होती. हिच्या वहीत अकरा आहेत. नाव, वय, किती दिवस फवारलं, कधी घरी आले, कधी गेले. नेमसिंग पहिल्या पानावर आहेत."

सरांनी चार पानं उलटली. "चांगला उपक्रम आहे," ते म्हणाले. "पण हे अधिकृत नाही."

अडतीस वर्षं त्यांनी न पाहिलेल्या मेलेल्यांवर निर्णय दिले. अकरा माणसं हाताशी आली, तर त्यांना शिक्का दिसला नाही. या माणसाच्या मुठीत मी आयुष्य काढलं, याची मला लाज वाटते. मॅडमनी वही उचलली आणि पर्समध्ये घातली. ती आता त्यांच्याकडे असते; रविवारी तेवढी ममता ती घेऊन जाते आणि तिच्यात अजून पानं भरते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला घासा, मला अडगळीत टाकू नका, माझी किंमत ओळखा. मी तसलं काही मागत नाही. मला काळं पडू द्या. पितळ टिकतं, नको तितकं टिकतं. कागद टिकत नाही. ती वही साध्या पुठ्ठ्याची आहे, तिची शिवण आताच सुटायला आली आहे, आणि अक्षरं शाईच्या पेनाची आहेत. पाणी लागलं तर अकरा माणसं दुसऱ्यांदा जातील. तेव्हा घाटंजीकडे कुणी जाणार असाल, तर मॅडमना विचारून वहीला जाड कव्हर घालून द्या. आणि जमलं तर एका कोऱ्या वहीत ती सगळी उतरवून घ्या, चांगल्या अक्षरात, एकही नाव न गाळता.